देवाला सोडलेला जर्शी

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर आणि तिच्या लाल कंधारी कालवडीवर. झाला भूकंपानंतरच्या पाचव्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, भर दुपारी, सगळं गाव शिवारात आंबील पीत बसलं होतं तेव्हा. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं कुणाचं काय बुडालं असं विचारलं की लोक पावसाचं, नशिबाचं नाहीतर देवाचं नाव घेऊन मोकळे होतात. देव या हकिकतीत आहे. पण मी त्याला बोल लावत नाही. ज्याला सगळं ठाऊक होतं आणि ज्याला ते सांगायचाच पगार मिळत होता, त्याला लावते.

आत्याचं सासर किल्लारीकडचं. त्या पहाटे तिचा नवरा गेला, सासू गेली, दावणीची बैलजोडी गेली. वडील तिला आमच्या गावी, कंधार तालुक्यात घेऊन आले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. तिच्याजवळ अंगावरचं लुगडं होतं आणि मदतीत मिळालेलं एक विलायती ब्लँकेट. गावातल्या बाया भेटायला यायच्या आणि रडायच्या. आत्या रडायची नाही. "जमीन तरी ऱ्हायली का गं माय?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "जमिनीला काय हुतंय! ती हालली आन् परत बसली. आमीच उठलो न्हाई."

ती जमीन मात्र दिराच्या हातात होती. तो भांडत नव्हता. गोड बोलायचा. "वहिनी, तुमच्यापाशी औत न्हाई, बैल न्हाई. कशानं करता?" एवढंच विचारायचा आणि दरवर्षी पेरून घ्यायचा. सातबाऱ्यावर बाईचं नाव असलं तरी शेत ज्याच्या बैलांचं, त्याचंच धरतात लोक. आत्याला हे आम्हा सगळ्यांहून चांगलं कळत होतं. म्हणून वडिलांनी बहिणीचा मान म्हणून घरच्या लाल गाईची कालवड तिला दिली, तेव्हा तिनं मनातलं उघड सांगून टाकलं.

"हिला एकामागं एक दोन गोऱ्हे होऊ दे. जोडी झाली की मी चालले माज्या रानात. भावजयीच्या चुलीपाशी म्हातारी न्हाई व्हायची मी."

आई चुलीपाशीच बसली होती. "जा की मग, कुणी धरून ठिवलंय," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. ते हसणं खरं होतं. आईलाही वाटायचं, हिनं जावं, आपल्या दारात उभं राहावं.

मदतीच्या गाड्या थांबल्या आणि योजनांच्या जीपा सुरू झाल्या. त्यातली एक योजना संकराची. गुरांचे डॉक्टर थंड वाफेच्या डब्यातून वीर्याची कांडी काढायचे, गाय भरवायचे आणि सांगायचे की देशी गाईला विलायती रक्त मिळालं की वासरू बघता बघता वाढतं. गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमननं आपली देवणी गाय भरवली. उंचपुरी, दुधाळ, सरकी-पेंडीवर पोसलेली. तिला झाला तो काळाबांडा गोऱ्हा. कांडी होल्स्टीन जातीची होती, पण गाव त्याला जर्शी म्हणालं. आमच्याकडं वशिंड नसलेलं जनावर म्हणजे जर्शी, मग ते कुठल्या का मुलखातलं असेना.

तो वाढला. हे मी नाकारत नाही. त्याच्याएवढ्या वयाचे लाल गोऱ्हे त्याच्या पोटाखालून जातील असे दिसायचे. लोक शेजारच्या गावांतून त्याला बघायला यायचे. सुतळीनं छातीचा घेर मोजायचे, सुतळी अपुरी पडली की टाळ्या पिटायचे. माळेगावच्या जत्रेत त्याच्या शिंगांना फेटा बांधला गेला, आणि चेअरमन परत आले ते स्वतःचंच लग्न लागल्यासारखे.

कंधारचे एक चाचा जनावरांचे व्यापारी होते. औताला न चालणारे गोऱ्हे विकत घ्यायचे आणि उदगीरकडं कापायला पाठवायचे. धंदा चोख, बोलणं गोड, गावात त्यांना चहा विचारल्याशिवाय कुणी सोडत नसे. त्यांनी काळ्याबांड्याच्या पाठीवरून हात फिरवला, मांडी दाबून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अरे चेअरमनसाब, ये तो पहाड है पहाड! इसकू बेचो नको."

"तुमीच म्हनता बेचो नको?" चेअरमन म्हणाले. "मग तुमी खाता काय, चाचा?"

"इसकू खा के एक दिन का पेट भरता. गाँव में छोडो. इसके जितने गोऱ्हे हुए, सब मैं लेतूं. आज जबान देतूं."

लोक हसले. पण बोलणं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. मोठ्याची पोरं मोठी, यात शंका घ्यायला जागा कुठं होती? ज्यांना बैल पाहिजे होते त्यांना वाटलं बैल दांडगे होतील. चाचांना वाटलं मांस जास्त पडेल. गावाला दोन्हीकडून फायदा दिसला.

आमच्या गावात पोळ्याला खंडोबाच्या नावानं वळू सोडतात. मांडीवर त्रिशूळाचा डाग देतात, हळद उधळतात, आणि मग त्या जनावराला कुणी बांधायचं नाही, मारायचं नाही, खच्ची करायचं नाही. तो कुणाच्याही रानात शिरला तरी हाकलताना आधी हात जोडायचे. गावातल्या सगळ्या गाई त्याच्याच. पूर्वी हा वळू निवडताना जाणती माणसं गोऱ्ह्याकडं कमी आणि त्याच्या गोताकडं जास्त बघायची. आई किती वेतं तगली, बहिणींची पाठ कशी, भाऊ औताला किती दमाचे. त्या वर्षी गोत कुणी विचारलं नाही. गोत होतं कुठं? आई उदगीरच्या बाजारातून आणलेली, बाप डब्यातला. सुतळी बघितली आणि ठरवलं.

चेअरमननं गोऱ्हा देवाला दिला. डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. नारळ त्यांच्या हातानं फुटला. त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार मला अजून दिसतो, कारण तो मीच ओवला होता.

पुढच्या वर्षी काळ्याबांड्याची पहिली वासरं झाली आणि लोकांची तोंडं बंद झाली. एकासारखं एक नाही. एखादं बापासारखं हाडापेरानं दांडगं, बाकीची मागच्या अंगानं वाळलेली, पाय लांब, छाती चिमटलेली. उन्हं चढली की जीभ काढून धापा टाकायची. कानांच्या आत गोचीड द्राक्षासारखे लटकायचे. चाचा आले, एक एक वासरू बघत गोठ्यागोठ्यातून फिरले आणि शेवटी चेअरमनच्या ओट्यावर मटकन बसले.

"जबान दी थी, चाचा," कुणीतरी डिवचलं.

"पहाड की औलाद माँगी थी," चाचा म्हणाले, "तुमने खंबे दिए, ऊपर चमडा लटका के."

त्यांनी शब्द पाळायला म्हणून दोन गोऱ्हे नेले. परत त्या कामासाठी आमच्या गावात आले नाहीत. त्यांचंही नुकसान झालं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजकाल काही लोकांना अशा हकिकतीत चाचांनाच गुन्हेगार करायची घाई असते.

वासरं दिसत होती, तरी वळू मोकळाच राहिला. डाग दिलेल्या वळूला खच्ची करा, असं म्हणायची छाती कुणाला होती? आणि मोकळा वळू वय बघत नाही. लाल कंधारी कालवड सावकाश वाढते. तिसरं वर्ष सरल्याशिवाय तिचा सांगाडा भरत नाही. आत्याची कालवड दोन वर्षांचीही झाली नव्हती. पहिल्यांदाच माजावर आली, आणि गावकुरणात काळ्याबांड्यानं तिला गाठलं. गुराखी लांबून हाका मारत बसला. देवाच्या वळूवर काठी कोण उगारणार!

आत्याला कळलं तेव्हा तिनं आधी कालवड कुरणात सोडणं बंद केलं. मग बाया म्हणाल्या, "अगं, एखादं बापावानी दांडगं निघतंच की. नशीब काढलंस. मोठा गोऱ्हा हुईल." तिलाही तसं वाटायला लागलं. कालवड फळली होती आणि पोट झपाट्यानं सुटत होतं. आत्या तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसायची आणि रानात आधी काय पेरायचं ते मला सांगायची. आधी तूर, म्हणायची. तूर जमीन धरून ठेवते.

येळवशीच्या सकाळी कालवड कळा द्यायला लागली. घरातली सगळी उंडे, भज्जी आणि आंबिलीची मडकी घेऊन रानात गेली. मी आत्याजवळ थांबले. दुपार कलायला आली आणि दोन खुरं बाहेर दिसली. आत्यानं ती बघितली आणि मला म्हणाली, "पळ, तुज्या बापाला बोलव." मी रानाकडं धावले.

वडील आणि शेजारच्या रानांत येळवशीसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपींमधले चार-पाच गडी आले, तोंडाला आंबिलीचे ओघळ तसेच. आणि ते आनंदात होते! हे मी कधी विसरणार नाही. एकानं खुरावर वीत ठेवून मोजलं. "आरं बाबौ, खूर हाय का खलबत्ता!" "देवाचं लेकरू हाय, हत्तीएवढं येणारच." खूर जेवढं मोठं, तेवढं हसू मोठं. वाढ म्हणजे चांगलं, एवढंच त्यांना शिकवलं होतं. त्या वाढीला बाहेर पडायची वाट किती, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"डॉक्टरला बोलवा," आत्या म्हणाली.

एक जण सायकलवर गेला आणि हात हलवत परत आला. डॉक्टर लातुरात होते. त्यांचा मुलगा तिथं क्लासला होता. त्याच्यासाठी खोली केली होती, आणि आठवड्यातला निम्मा वेळ सगळं कुटुंब तिकडंच. त्या वर्षांत हे काही नवं नव्हतं. आमचे मास्तर लातुरात, ग्रामसेवक लातुरात, डॉक्टर लातुरात. ज्याला ज्याला गावात राहायचा पगार होता, तो आपलं पोर घेऊन लातूरला गेला होता.

मग दावं बांधलं. आत्या ओरडत होती, "थांबा रं! कळ यिऊ द्या तिला, कळंसंगं वडा!" पण माणसं रस्सीखेचीला उभी राहावीत तशी उभी राहिली होती. मला बाहेर काढलं. पोरीनं बघायचं नसतं म्हणे. कुडाच्या फटीतून सगळं दिसत होतं आणि ऐकू तर गल्लीभर येत होतं. कालवड एकदाच हंबरली. नंतर नुसता श्वास.

वासरू जिवंत निघालं. गोऱ्हा, काळाबांडा. गड्यांनी गुलाल मागवला.

कालवड उठली नाही.

पोत्याचा झोळा करून पोटाखाली घातला, आठ हातांनी उचललं, मागचे पाय बेडकासारखे फाकले आणि ती खाली बसली. आतली नस चेंगरली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सुई दिली, "कॅल्शियम कमी आहे" म्हणाले आणि आत्याकडं न बघता हात धुतले. आत्या तिला रोज कुशीवरून कुशीवर वळवायची. माझी आईही हात लावायची. मांडीची कातडी सोलून हाड दिसायला लागलं तरी कालवड वासराचा आवाज आला की मान उचलायची. संक्रांतीच्या आत गेली.

वासरू म्हशीच्या उरल्यासुरल्या दुधावर वाढलं. वाढलं कसलं, लांबलं. पोटाचा नगारा आणि पाठीचा कणा मोजून घ्यावा असा. आत्यानं त्याला जिवापाड सांभाळलं. खच्ची केलं, वेसण घातली, जुवाला जोडून बघितलं. वशिंडच नाही, जू थांबणार कशावर? ते मानेवर घसरायचं आणि दोन दिवसांत मान सोलायची. सकाळची न्याहारी व्हायच्या आत तो तोंडाला फेस आणून नांगराच्या तासातच बसायचा. शेजाऱ्यांची पोरं हसायची, "आत्याचा बैल आमदार झाला, बसूनच ऱ्हातो."

दीर त्या उन्हाळ्यात आला. गोठ्यात डोकावला. चहा पिऊन गेला आणि पेरणी त्यानंच केली. पुढच्या वर्षी विचारायलाही आला नाही.

दहावी झाल्यावर मीही लातूरला गेले. घरानं पाठवलं, दुसरं काय. पत्र्याच्या एका हॉलमध्ये आम्ही बाकाला बाक चिकटून बसायचो आणि सर माईकवरून ओरडायचे. एक दिवस ते ओरडले, "हायब्रिड व्हिगर! एफ वनमध्ये जास्त, एफ टूमध्ये कमी! लिहून घ्या, दरवर्षी एक मार्क!" उदाहरण मक्याचं दिलं. माझ्या हातातला पेन थांबला. मी उभी राहिले. "सर, वळूचं पण असंच असतं का?" हॉल खदखदून हसला. सर म्हणाले, "बाळ, वळू सिलॅबसमध्ये नाही. बस."

मी बसले नाही. क्लास सुटल्यावर डॉक्टरांची खोली शोधत गेले. मागच्याच गल्लीत होती. ते जेवत होते. ओळखलं, बस म्हणाले, पोळी वाढू का विचारलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त लागतं. मी तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी डावा हात लांबवून टॉपर पोरांचे फोटो छापलेलं एक हँडबिल ओढलं, पालथं केलं, आणि पेननं गोल काढत इतकं सुरेख समजावलं की आमच्या सरांना तसं जन्मात जमणार नाही.

"हे बघ. पहिल्या संकराची जी वाढ दिसते तिचे तीन वाटे कर. एक, आईबापाचं रक्त. ते पुढं जातं, पण अर्धं, आणि कुठलं अर्धं ते आपल्या हातात नाही. म्हणून त्याची पोरं एकसारखी येत नाहीत. दोन, आईचं पोट आणि आईचं दूध. चेअरमनची देवणी मोठी, दुधाची, खायला भरपूर. तो फायदा त्या गोऱ्ह्याला मिळाला. तो काही त्याच्याकडून दुसऱ्या गाईच्या कासेत जात नाही. तीन, संकराचा जोर. लांबलांबच्या दोन जाती पहिल्यांदा एकत्र आल्या की उसळी येते. तोच संकरित वळू परत देशी गाईवर घातला की उसळी निम्मी होते. त्यात चारा कमी, ऊन जास्त, गोचीड. मग राहतं काय?"

"आणि जन्मायच्या वेळचं वजन?"

"ते बापाकडूनही येतं. मोठ्या हाडाचा बाप, न भरलेली कालवड. अडणारच."

"हे तुमाला तवाच माहीत होतं?"

ते हसले. "अगं, हे पदवीला शिकवतात."

"मग नारळ कामून फोडला?"

त्यांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "बाई, योजनेत संकराची वासरं दाखवायची असतात. त्या वासरांची पोरं कुणी विचारत नाही. आणि देवाचा वळू. खच्ची करा म्हणालो असतो तर गावानं मला ठेवलं असतं?"

"एकदा म्हनून तर बघायचं."

"तुझं बारावीचं वर्ष आहे," ते म्हणाले. "अभ्यास कर."

मी डॉक्टर झाले नाही. आता जनावरांच्या बाजारात, वळूचं गोत विचारा असं सांगणारी पत्रकं वाटत फिरते, आणि तिथं दोन तऱ्हेचे लोक मला आपल्या बाजूला ओढतात. एक म्हणतात, विलायती रक्त पाप आहे, तेवढं लिही. दुसरे म्हणतात, संकर म्हणजे प्रगती, अडाणीपणा करू नकोस. मी दोघांनाही नाही म्हणते. चेअरमनची गाय व्यायली, गोऱ्हा वाढला, त्यात पाप काही नव्हतं. तो तिथंच थांबवायचा होता. बैल म्हणून नाहीतर मांसाला म्हणून वापरायचा होता, बाप म्हणून नाही. एवढं एक वाक्य होतं. ते सांगायला जीप लागत नव्हती, डबा लागत नव्हता. हार गळ्यात घालून उभ्या असलेल्या माणसानं तोंड उघडायचं होतं.

काळाबांडा त्यानंतरही बरीच वर्षं फिरला. आमच्या भागात आज शुद्ध लाल कालवड शोधायला तालुका पालथा घालावा लागतो. आत्या अजून आमच्याकडंच आहे. तूर निवडायला बसली की हात चालत राहतात. दिरानं शेतात विहीर खोदली, हे तिला कुणीतरी सांगितलं. "चांगलं झालं," म्हणाली.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही शिकलेले आहात. कदाचित तुमचंही पोर लातुरात किंवा नांदेडात क्लासला असेल. असू द्या. पण तुमच्या गावात संकरित वळू मोकळा फिरत असेल तर या रविवारी गावी जा. चावडीवर उभे राहा, त्याची आई कोण आणि बाप कोण, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारा. उत्तर आलं नाही तर गुरांच्या डॉक्टरला हाताला धरून आणा आणि त्याला खच्ची करून घ्या, मांडीवर त्रिशूळ असो नाहीतर काही असो. देवानं जाब विचारला तर त्याला माझ्याकडं पाठवा. आणि तुम्ही स्वतःच तो डॉक्टर असाल, तर नारळ खाली ठेवा आणि बोला.